स्वतंत्र प्रकल्प, चौघांत मिळून

इंजिनीअरिंगला मुलगा असलेल्या घरात हल्ली विषय मोजत नाहीत, क्रेडिट मोजतात. एआयसीटीईने २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम आखून पदवीचं वजन १६० क्रेडिट ठरवलं, २०२१ मध्ये त्या क्रेडिटची बँकही निघाली. ठेव आहे, खातं आहे, व्याजाचं तेवढं कुणी विचारू नये.

नव्या शैक्षणिक धोरणाने तर निवडीची चंगळ केली आहे. मेकॅनिकलच्या मुलाने अर्थशास्त्र शिकावं, सिव्हिलच्या मुलीने मानसशास्त्र. कल्पना खरोखर चांगली. मग विभागाकडून गूगल फॉर्म येतो. त्यातल्या पहिल्या विषयाचे सर पीएचडीच्या रजेवर, दुसऱ्याला पुरेशी मुलं नाहीत, तिसऱ्याचा तास प्रॅक्टिकलवर आदळतो. उरलेला विषय विद्यार्थ्याने स्वखुशीने निवडला, अशी नोंद होते. जाणती पोरं सिलॅबस उघडतच नाहीत. सिनियरला गाठून एवढंच विचारतात : हजेरी कोण काटेकोर घेतं आणि टर्मवर्क कोण सढळ हाताने देतं?

शिवाय एनपीटेलचे ऑनलाइन कोर्स. आयआयटीचे प्राध्यापक तिथे जीव तोडून शिकवतात आणि उत्तम शिकवतात, हे टिंगल बाजूला ठेवून सांगतो. बारा आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटचे मार्क २५, परीक्षेचे ७५. त्या पंचविसांची उत्तरं टेलिग्रामवर आयती फिरतात. व्हिडिओ दुप्पट वेगाने सोडून मंडळी मेसला जातात. सर रिकाम्या खोलीत थर्मोडायनॅमिक्स सांगत राहतात.

पण पोरांच्या या नियोजनाचा खरा कस लागतो शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात. विद्यार्थ्याने स्वतंत्र विचार करावा, अशी अपेक्षा असते. स्वतंत्र विचार चौघांनी मिळून, गाइडच्या सहीने आणि ठरलेल्या मार्जिनमध्ये करायचा असतो. चौघांत एकाला कोडिंग येतं, एकाला वर्डमध्ये अनुक्रमणिका करता येते, एकाची बाइंडिंगवाल्याशी ओळख असते आणि चौथ्याचं नाव आद्याक्षरानुसार पहिलं येतं. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. घाई असेल त्याला आख्खा प्रकल्पच तयार मिळतो. वर कोड, रिपोर्ट, पीपीटी आणि एक्स्टर्नल काय विचारतील त्याची उत्तरं.

अशात कराडकडचा एक मुलगा भलतंच डोक्यात घेऊन आला. घरी ऊस. थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वडील मोबाइल स्टार्टरला घरातूनच फोन लावून मोटर चालू करतात, त्यामुळे ती मुलाच्या मते सुटलेली अडचण. न सुटलेली अडचण म्हणजे मोटर जळते. कधी एक फेज जातो, कधी व्होल्टेज पडतं, कधी विहीर आटली तरी मोटर कोरडीच फिरत राहते. कंडेन्सर लावून दोन फेजवर ओढणारे तर शिवारात पैशाला पासरी. तालुक्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे बसून वर्षभर जळून आलेल्या मोटरी तपासायच्या, कशाने किती गेल्या ते मांडायचं आणि त्यातल्या कितींना साधं, स्वस्त संरक्षण पुरलं असतं ते काढायचं, हा त्याचा बेत.

गाइड शांतपणे ऐकून म्हणाले, "छान आहे. पण यात एआय कुठाय?"

"सर, मोटर जळायला एआय लागत नाही."

"आणि लिटरेचर सर्व्हे? रिवाइंडिंगवाल्याचा संदर्भ आयईईईच्या पद्धतीने कसा देणार?"

याला उत्तर नव्हतं. प्रकल्प मंजूर झाला तो असा : 'आयओटी व एआयवर आधारित स्मार्ट सिंचन प्रणाली'. एक कुंडी, मातीत खुपसलेला सेन्सर, आर्डुइनो, रिले आणि पाण्याच्या बाटलीत बुडवलेला बोटभर पंप. माती कोरडी झाली की पाणी सोड, या एका ओळीला एआय म्हणायचं ठरलं. मग प्रत्येक गुणापुढे एक, दोन किंवा तीन आकडा टाकायचा तक्ता भरला. समाजोपयोग तीन, पर्यावरणभान तीन, जन्मभर शिकत राहण्याची वृत्ती दोन. तो एक का कापला, कुणास ठाऊक. दर आठवड्याच्या गाइडभेटीच्या सह्या एकाच संध्याकाळी झाल्या. शाई वेगवेगळी दिसावी म्हणून तीन पेनं आणली होती. नियोजन याला म्हणतात. पेपर छापणं सक्तीचं होतं, तोही पैसे भरताच चार दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' जर्नलात आला.

ओरलच्या दिवशी पंप चालेना. सकाळपासून ट्रायल घेऊन घेऊन पोरांनी कुंडीचा चिखल केला होता, आणि ओल्या मातीला पाणी न देण्याइतका पंप प्रामाणिक निघाला. एक्स्टर्नलनी कुंडीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"गाव कुठलं?"

"कराडकडं, सर."

"मोटर किती एचपी?"

"साडेसात."

"दोन फेजवर ओढता का?"

"शेजारचे ओढतात. दोनदा जळाली त्यांची."

"आमचीही मागच्याच महिन्यात गेली. काय केलं असतं तर वाचली असती रे?"

पुढची वीस मिनिटं दोघं वाइंडिंग, केबल आणि स्टार्टरवर बोलत होते. एक्स्टर्नलनी दोन गोष्टी खिशातल्या कागदावर उतरवूनही घेतल्या. गाइड घड्याळ बघत होते, बाहेर पुढचा ग्रुप स्मार्ट डस्टबिन घेऊन उभा होता.

मार्क बरे पडले. शेऱ्याच्या रकान्यात एक्स्टर्नलनी लिहिलं : 'एआयचा आणखी वापर करता आला असता.'