ई-स्पोर्ट्सचे भाकीत: नवशिक्यांसाठी पहिला पाठ

सर्वप्रथम अभिनंदन. आयपीएलभर सोसायटीच्या ग्रुपवर फुकट भाकिते करून झाली, आता तुम्ही ‘लीग ऑफ लेजंड्स’कडे वळताय. हा खेळ स्वतः कधी खेळला नसलात तर उत्तमच. आत्मविश्वास शाबूत राहतो.

पॉलीमार्केटसारख्या बाजारात सामन्याच्या निकालाचे शेअर विकतात. ‘टी-वन हा संघ जिंकेल’ असा शेअर ६५ सेंटला असेल, तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६५ टक्के. संघ जिंकला तर शेअरमागे एक डॉलर, हरला तर भोपळा. नवशिक्याने ६५ म्हणजे ‘जिंकणारच’ असे वाचावे. उरलेल्या पस्तिसांचा विचार हरल्यावर करायची प्रथा आहे.

संघ निवडायला जर्सीचा रंग आणि टी-वनचा नामवंत खेळाडू फेकर याचे नाव एवढे पुरे. पॅचच्या, म्हणजे खेळात होणाऱ्या बदलांच्या, भानगडीत पडू नका. खेळ बनवणारी कंपनी साधारण दर दोन आठवड्यांनी पात्रांची ताकद कमी-जास्त करते आणि कालचा अजिंक्य संघ चाचपडू लागतो. चालू मोसमात गोलपोस्ट रुंद करावेत, तसा प्रकार.

सरावासाठी २०२२ची विश्वस्पर्धा घ्या. डीआरएक्स म्हणजे कोरियाचा चौथ्या क्रमांकाचा संघ, प्राथमिक फेरीतून धडपडत वर आलेला. उपांत्यपूर्व फेरीत समोर गतविजेता ईडीजी. पहिला गेम गेला. दुसऱ्यात डीआरएक्सचे खेळाडू थेट नेक्ससवर घाव घालत होते. ती वास्तू पडली की गेम संपतो. तेवढ्यात ईडीजीचा पडलेला इनहिबिटर, म्हणजे नेक्ससची राखण करणारी वास्तू, पुन्हा उभा राहिला. एक तरी इनहिबिटर पडलेला नसेल तर नेक्ससला ओरखडाही उमटत नाही. तोही गेम गेला. ०-२. इथे थांबून आपला अंदाज पेनाने लिहा, पेन्सिलीने नको. पुढचे तिन्ही गेम डीआरएक्सने घेतले आणि ५ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत टी-वनला ३-२ हरवून करंडकही.

सामना चालू असताना खरेदी करणे सर्वांत सोपे. पडद्यावर बघून कुणी खेळाडूला खबर पोचवू नये म्हणून प्रक्षेपण बऱ्याचदा मुद्दाम उशिरा दाखवतात. त्यामुळे भाव एकदम कोसळला की ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणत झडप घालावी. भाव का कोसळला ते तुम्हाला थोड्या वेळाने दिसेलच. विकणाऱ्याला ते आधीच दिसलेले असते, म्हणून तर तो विकतोय.

लहानसहान स्पर्धा गाठल्यात तर आणखी मौज. २०१४ साली अमेरिकेचा आयबायपॉवर हा काउंटर-स्ट्राइक या खेळाचा संघ एक सामना ठरवून हरला. जानेवारी २०१५ मध्ये तो खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याच्या चौघा खेळाडूंवर बंदी घातली. हरायचेच ठरवून आलेल्यांचा फॉर्म कुठल्याही आकडेवारीत सापडत नाही.

पैशाची पायरी मात्र भारतात गाळावी लागते. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली. तेव्हा वही घ्या. सामन्याआधी शक्यता लिहा, ७० टक्के म्हणजे ०.७. निकाल लागला की जिंकल्यास १, हरल्यास ० धरून फरकाचा वर्ग करा आणि सगळ्यांची सरासरी काढा. जितकी कमी तितकी चांगली. डोके न चालवता दरवेळी ०.५ लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतात. पन्नासेक सामन्यांनंतर तुमची सरासरी त्याच्या खाली आली, तरच दुसऱ्या पाठाला या.