कॉट बेसिस

आमच्या खोलीत कुणाला नाव नाही, फक्त गावं आहेत. वसमत, परभणी आणि अंबाजोगाई ही तीन गावं एका ट्यूबलाइटखाली झोपतात आणि चौथा मी. माझं गाव राजापूर. पण मराठवाड्यातल्या माणसाला घाटाखाली एकच गाव दिसतं, म्हणून मी ‘कोकण’. ‘कोकण, पंखा बंद कर’, ‘परभणी, दूध उतू चाललंय’ असा भूगोल दिवसभर चालू असतो. एक तारखेला घरमालक दारात उभे राहून ‘अंबाजोगाईचं अजून आलं नाही’ म्हणतात, तेव्हा नवख्याला ते महसूल खात्यातले वाटतात.

वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मी छत्रपती संभाजीनगरला निघालो, तेव्हा आईने कुळथाचं पीठ, आमसुलं, सांडगी मिरच्या, फणसपोळी आणि देवाचा अंगारा असं सगळं बांधून दिलं. ते दिल्यावरही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. “तिकडे आपलं कोण आहे?” एवढं एकच ती विचारत होती. आमच्याकडे ‘आपलं’ म्हणजे निदान आतेसासूच्या चुलत दिरापर्यंत तरी धागा पोचायला हवा. मी खूप ओढून पाहिला. तो पुण्यातच तुटत होता.

आईचा हा प्रश्न मी वसमतला सांगितला. वसमत लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो. त्यामुळे त्याला काहीही विचारलं की सनावळी सुरू होते.

“मलिक अंबरचं इथं कोण होतं बे?” तो म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता. हबसाणात जन्मलेला पोरगा गुलाम म्हणून विकला जातो, कुठले कुठले बाजार बघत दख्खनेत येतो, निजामशाहीचा कारभारी होतो आणि 1610 मध्ये खडकी नावाच्या खेड्याचं शहर करतो. वर डोंगरातलं पाणी नहरीने गावात आणतो. हे ऐकवताना वसमतच्या हातात रिकामी बादली होती, कारण नळाला पाणी यायचा दिवस आमच्याकडे सणासारखा उजाडतो. कोण मोटर लावणार, कोण ड्रम धुणार, कोण ऑफिसात पोट दुखतंय म्हणून कळवणार, हे आदल्या रात्री ठरतं. माझं ठाम मत आहे की या शहरातल्या निम्म्या मैत्र्या ड्रम भरताना झाल्या आहेत.

पुढे या गावाला फतेहनगर म्हणाले, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. “कुठले तुम्ही?” हा प्रश्न मात्र सगळ्या नावांना पुरला. इथे तो संशयाने विचारत नाहीत. विचारणाराही बहुधा दुसरीकडचाच असतो. 1327 मध्ये तर महंमद तुघलकाने दिल्लीतली माणसं उचलून दौलताबादला आणली होती. बदलीच्या ऑर्डरवर रडणाऱ्या आमच्या सुपरवायझरला वसमतने हे उदाहरण दिलं. त्याचं रडणं थांबलं नाही, पण नान-खलिया तुघलकाच्याच लष्कराबरोबर आला असं सांगतात हे कळल्यावर तो जेवायला तयार झाला.

पण आमच्या खोलीचा खरा लाडका माणूस प्रवासी इब्न बतूता. 1325 मध्ये, एकविसाव्या वर्षी, आईबापांना मागे ठेवून हा मोरोक्कोतल्या तंजाहून एकटा निघाला. वाटेत गाठलेला काफिला ट्युनिस शहराशी पोचला तेव्हा गावकरी सामोरे आले. जो तो आपापल्या माणसाला भेटतोय, आणि याला कुणी विचारीना. त्याला रडू कोसळलं. तसं त्याने स्वतःच सांगून ठेवलंय, हा त्याचा मोठेपणा. आम्ही चौघांनी पहिल्या रात्री काय केलं ते कुणीच सांगितलेलं नाही. मग एका यात्रेकरूच्या ते लक्षात आलं. तो जवळ आला, विचारपूस केली आणि शहरात शिरेपर्यंत याच्याशी गप्पा मारत राहिला. माझ्या मते जगातल्या यच्चयावत रूममेटांचा मूळपुरुष तोच. आमच्याकडे त्यालाही गाव दिलंय. आम्ही त्याला ‘ट्युनिस’ म्हणतो.

हाच बतूता पुढे दौलताबादलाही येऊन गेला. किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना घाबरून पळतात, असं त्याने नोंदवलंय. अंबाजोगाई हे वाचून गंभीर झाला. “म्हणजे तोही आपल्याच घरमालकाकडं उतरला होता,” म्हणाला.

मागच्या पावसाळ्यात आम्ही लाल परीने अजिंठ्याला गेलो. वाघूर भरून वाहत होती. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून चौघेही गप्प झालो, त्याबद्दल लिहिण्याची माझी लायकी नाही. आमची वाचा परत आली ती बाराव्या लेण्यात. चित्र नाही की मूर्ती नाही. मधे चौक, भोवती बारा खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे, निजायला.

“कॉट बेसिस!” परभणी ओरडला.

अगदी तेच. घर सोडून भटकणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावं असा नियम. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी ही सोय, आणि तिच्यासाठी एका व्यापाऱ्याने दान दिल्याचा शिलालेख. वसमतने चोवीस जणांचा हिशोब तोंडी केला. अंबाजोगाईने एका ओट्याची लांबी वितीने मोजली आणि आमच्या कॉटपेक्षा ऐसपैस असल्याचं जाहीर केलं. ढेकूणही होणार नाहीत, म्हणाला.

“डिपॉझिट किती असेल?” मी विचारलं.

“संसार,” वसमत म्हणाला. “परत मिळत नाही.”

दिवाळीनंतर आई अचानक बघायला आली. मधे मला ताप आला होता आणि परभणीने रजा टाकून तीन वेळा येसराची आमटी रांधली होती, एवढं तिच्या कानावर होतं. कोण हा परका मुलगा, हे तिला प्रत्यक्ष बघायचं होतं. तिने खोलीवर नजर फिरवली, दोरीवरचे कपडे न बोलता घड्या करून ठेवले आणि कुळथाचा डबा उघडला. तो भरलेला होता.

“काकू, हे हुलगे आमच्याकडं बैलाला घालतात,” परभणी म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले. पण आईने पदर खोचला, पिठी केली आणि त्याला समोर बसवून वाढली. त्याने तीन वाट्या प्यायल्या. मग त्याने आमटी केली. आईने बोट लावून चाखली आणि “बरी आहे” म्हणाली. राजापुरात याहून वरचं बक्षीस नाही. माझ्या वडिलांना ते अजून मिळालेलं नाही.

आता कुळथाचं पार्सल परभणीच्या नावाने येतं. आईचा फोनही रात्री साडेनऊला त्यालाच येतो. आधी त्याच्या बहिणीच्या स्थळाचं, मग वसमतच्या निकालाचं, मग येसरात धने किती घ्यायचे ते. मी समोरच्या कॉटवर बसलेला असतो. शेवटी परभणी फोनवर हात ठेवून मला विचारतो, “काकू विचारायल्यात, जेवलास का?”

“सांग, जेवलो.”

“नाही जेवला काकू,” तो फोनमध्ये सांगतो, “मेसला कारलं होतं.”