उजेडकाका

तुमच्या सोसायटीतही असतीलच. केकला सुरी टेकली की "थांबा!" असं ओरडून जे घराकडे पळतात आणि काखेत थर्माकोल मारून परत येतात, ते. आमच्याकडे त्यांना उजेडकाका म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण तिथला बल्ब गेलाय.

थर्माकोल साधासुधा नाही. 2018 ला बंदी आली, त्याच्या आदल्या गणपतीच्या मखरातला. एका बाजूने पांढराशुभ्र, दुसरीकडे लाल अक्षरांत 'गणपती बाप्पा मोर'. 'या' माळ्यावरून काढताना तुटला. पांढरी बाजू फोटोतल्या माणसाकडे, त्यामुळे बघ्यांच्या वाट्याला कायम मोर.

परवा ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला बसलो होतो. डोक्यावर ट्यूबलाइट. काकांनी खिडकीतून पाहिलं आणि बेल वाजली. "अरे, डोळ्यांखाली खड्डे पडलेत! घरावर जप्ती आल्यासारखा दिसतोस." ट्यूब बंद. टेबललॅम्पचं तोंड भिंतीकडे. काका थर्माकोल धरून माझ्या डावीकडे उकिडवे. "थेट दिवा टोचतो रे. भिंतीवरून आला की पसरतो, सावल्या मऊ पडतात." हे खरं निघतं, हाच तर त्रास आहे. साहेबांनी चक्क विचारलं, रजेवर होतास का? तेवढ्यात काकांचा हात अवघडला, थर्माकोल फिरला आणि अख्ख्या डिपार्टमेंटला 'बाप्पा मोर' दिसलं.

कुरकुर केलीत तर सिनेमाचे कॅमेरामन सुब्रत मित्र निघतात. "1956 चा 'अपराजितो'! बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं, वर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर दिवे मारले. थेट आभाळाचा उजेड! आणि तुला दोन मिनिटं थर्माकोल धरवत नाही?" सत्यनारायणाला "दिवा दुप्पट लांब गेला की उजेड निम्मा नाही, पाव होतो" असं म्हणत त्यांनी आजींना इतकं पुढे सरकवलं, की त्या प्रसादाच्या पातेल्यात बसायच्याच राहिल्या.

मग तळमजल्यावरच्या मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो निघाला. आई हळूच म्हणाली, "काका, जरा उजळ दिसू द्या हं." काका गप्प. तिला गॅलरीच्या दाराशी बसवलं, ऊन थेट नको म्हणून स्वतःचं धुवट धोतर दाराला बांधलं, सावलीच्या बाजूला थर्माकोल. पाऊण तास मी तो धरून उभा. फोटोत मुलगी होती तशीच सावळी. गालावरची खळी नीट दिसत होती, बुबुळात दाराचा एवढासा चौकोन.

"उजळ कुठे केलीत?"

"उजेडात आणली की," काका म्हणाले. "रंग तिचा. माझ्याकडे फक्त उजेड."

आईने दुसरीकडून पिठात घोळवल्यासारखा फोटो काढून आणला. स्थळांना तोच गेला. मुलीच्या डीपीवर मात्र काकांचा आहे. मोठा करून पाहिलात तर बुबुळात त्या चौकोनाशेजारी एक पांढरी पट्टी दिसते. तो थर्माकोल. मोर माझ्या बाजूला होता.