पार्ट मिळाला तर सांगा

या माणसाचं आडनाव काहीही असू शकतं. जोशी, शेख, पाटील, डिसोझा. जुनी मोटरसायकल दारात उतरली की आठवडाभरात ते गळून पडतं आणि त्याचा येझदीकर होतो. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. नोकरी बरी, मुलं कॉलेजात, घराचे हप्ते संपत आलेले, गुडघे अजून शाबूत. त्याच्या वडिलांकडे नाहीतर मामाकडे कधीकाळी एक येझदी असते. ती कुणाला तरी चार हजारांत देऊन टाकलेली असते, आणि त्या चार हजारांचा सूड तो आता लाखभर मोजून उगवतो.

गाडी येते ती टेम्पोतून. "चालू कंडिशन आहे, फक्त कार्बोरेटर साफ करा," असं विकणाऱ्याने सांगितलेलं असतं. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात 'चालू कंडिशन' याचा अर्थ ढकलली तर चाकं फिरतात, एवढाच घ्यायचा असतो. सोसायटीतले लोक जमतात. कुणीतरी मायलेज विचारतं. येझदीकर त्याच्याकडे दयेने पाहतो आणि गाडीचं वैशिष्ट्य दाखवायला वाकतो: किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडी. आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आली की गिअर. शिवाय गिअर टाकताना पायानेच क्लच सुटतो, हाताने दाबायची गरज नाही. पोरं थक्क होतात. मग तो किक मारतो. पुन्हा मारतो. दांडी नडगीवर आपटते आणि गर्दी समजूतदारपणे पांगते.

इथून पुढे तो आपल्याला जिन्यात भेटला तरी इतिहास सांगतो. चेकोस्लोव्हाकियात जावा काढणारा यानेचेक, १९२९ साल, मग म्हैसूरचा कारखाना, १९६१ पासून तिथे निघालेल्या जावा, पुढे त्यांच्याच येझदी, १९७८ ची रोडकिंग आणि १९९६ ला लागलेलं कुलूप. शेवटचं वाक्य तो घरातलं कुणी गेल्यासारखं म्हणतो. तळमजल्यावरच्या काकांनी एकदा चांगल्या मनाने सुचवलं, "अरे, कंपनी परत सुरू झाली ना? शोरूममधून आण की सामान." २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं बाजारात परत आली हे खरंच आहे. पण ती इंजिनं फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. याची टू-स्ट्रोक, वाऱ्याने थंड होणारी आणि पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळून घेणारी. काकांशी तो त्यानंतर महिनाभर बोलला नाही.

मग चाचा येतात. प्रत्येक येझदीकराला एक चाचा असतो. पुण्यात नाना पेठेच्या आतल्या बोळात अर्ध्या शटरचं दुकान, पाटी नाही, भिंतीवर तेलकट देवनागरीत लिहिलेले फोन नंबर. चाचा गाडीकडे बघत नाहीत, आवाज ऐकतात. मागून निघणारा पांढरा धूर हुंगतात. "सील गेलंय," एवढंच बोलतात. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची ऑइल सीलं असतात. क्लचकडचं गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळत बसतं. दुसऱ्या बाजूचं गेलं की हवा ओढतं, आणि रेस सोडली तरी गाडी बोंबलत राहते. हे सील स्वस्त असतं, सहज मिळतं. येझदीकराला वाटतं, सुटलो.

पण सील बदलायला क्लच काढावा लागतो. क्लच काढल्यावर चाचा बोटाने काहीतरी हलवून पाहतात आणि मराठीतलं सर्वांत महागडं वाक्य उच्चारतात: "आता उघडलंच आहे तर..."

आता उघडलंच आहे तर क्लच प्लेटा बघू. प्लेटा बघितल्या तर क्रँकला प्ले आहे. क्रँक काढला तर कनेक्टिंग रॉड नवा टाकू. रॉड नवा तर जुना पिस्टन कशाला? पिस्टन नवा तर लेथवर बोअर मारून आणू. दोन सायलेन्सर आहेत, आत कार्बन साचून गच्च झालेत. ते भरताच्या वांग्यासारखे भाजून काढू. भाजले की क्रोम जाणार, म्हणजे क्रोम करून घेऊ. शंभर-दीडशेच्या सीलापासून सुरू झालेला हिशोब वहिनींना कळू नये म्हणून तो एका वहीत लिहितो आणि वही गाडीच्या साइड बॉक्समध्ये ठेवतो. साइड बॉक्सला झाकण नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. वहिनींच्या येतं.

एवढं होऊनही या माणसाचं खरं दुखणं इंजिन नव्हे. पिस्टन मिळतो, रिंगा मिळतात, क्लच प्लेटा, चेन, सीलं, बेअरिंग, सगळं नाना पेठेत मिळतं, नाही तर बेंगळुरूहून कुरिअरने येतं. माझं त्यावर एक निरीक्षण आहे: ज्या गोष्टी झिजत होत्या, त्यांचे सुटे भाग लोकांनी हजारोंनी बनवले आणि अजून बनवतात. ज्या झिजत नव्हत्या, त्यांना सुट्या भागाची गरज कुणालाच वाटली नाही, म्हणून त्या कुणी बनवून ठेवल्या नाहीत. त्या चाळीस वर्षं गाडीवर टिकल्या आणि मग एके दिवशी हरवल्या. टाकीचं झाकण, साइड बॉक्सचं झाकण, मीटरच्या काचेभोवतीची रिंग, टाकीला गुडघ्याशी लावलेलं रबर, मागच्या दिव्याची काच. गाडी यांच्याशिवाय उत्तम चालते. येझदीकराचं अडतं.

रविवारी सकाळी तो जुन्या बाजारात दिसतो. बुधवारीही बाजार भरतो, पण त्या दिवशी त्याला ऑफिसात आजारी पडावं लागतं. मंगळवार पेठेतल्या त्या फरसबंद पसाऱ्यात नळाच्या तोट्या, कुलपं, टेबलफॅनची पाती, फुटके कॅमेरे आणि ओळख विसरलेलं लोखंड पसरलेलं असतं. इथे 'येझदी' हा शब्द उच्चारायचा नाही, उच्चारला की भाव तिप्पट, हे त्याला जाणकारांनी शिकवलेलं आहे. म्हणून तो आधी पितळी अडकित्ता हातात घेतो. मग एक वजनकाटा न्याहाळतो. मग अगदी सहज, पायाने, एक गंजकी रिंग थोडी सरकवतो.

"ही कशाची आहे हो?"

विक्रेता मान वर न करता म्हणतो, "रोडकिंगच्या मीटरची. आठशे."

"आठशे? ही तर डब्याची वाटते."

"मग डब्याला लावा."

तो उठतो, दहा पावलं जातो, पाठीमागून हाक येईल म्हणून हळू चालतो. हाक येत नाही. तो परत येतो तेव्हा रिंग हजाराची झालेली असते. घरी येऊन लावल्यावर कळतं की ती खरंच डब्याची होती.

या शोधात त्याची नजर बिघडते. लग्नाच्या मांडवात तो नवऱ्यामुलाच्या वडिलांना विचारतो, गावाकडे गोठ्यात एखादी पडलेली आहे का. रस्त्यात सिग्नलला एखादा म्हातारा येझदीवर थांबलेला दिसला की हा खाली वाकून बघतो, आणि म्हातारा घाबरून लाल दिव्यातच निघून जातो. फोनवर 'हॅलो'च्या आधी 'मिळालं का?' येतं. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावांचं सामान अजून बनतं असं कळल्यावर त्याने रात्री जागून तिथून रबर मागवलं. आलं, उत्तम होतं, कस्टम्स भरून सोडवलं. ते १९५० च्या दशकातल्या जावाचं होतं. त्याला खेद झाला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तो त्या रबराला शोभणारी जावा शोधू लागला.

रंगाच्या बाबतीत तर तो धर्ममार्तंड. टाकीचे पोचे पेंटरने लांबी भरून सपाट केले तेव्हा त्याने लोहचुंबक आणून लावून पाहिला. चुंबक जिथे चिकटला नाही तिथे तो दुखावला. टाकीवरची सोनेरी रेघ हातानेच मारलेली हवी, स्टिकर चालणार नाही. हाताने रेघ मारणारा म्हातारा पेंटर त्याने भवानी पेठेत शोधून काढला. त्या बाबांचा हात थोडा कापतो. रेघ थोडी वाकडी आली. येझदीकर म्हणतो, कंपनीचीही अशीच यायची.

मग सरकार. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो, असा नियम २०२१ मध्ये आला. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार. गंमत अशी की व्हिंटेज झालेली गाडी रोज रस्त्यावर फिरवायची नसते, प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला न्यायची. आपला येझदीकर हा नियम आधीपासूनच पाळत होता. फरक इतकाच की त्याची गाडी १९८३ ची, पन्नाशीला अजून अवकाश. तो तिच्या पन्नाशीची वाट स्वतःच्या निवृत्तीपेक्षा जास्त आतुरतेने पाहतो.

जुलैतला दुसरा रविवार हा जावा दिन. पुण्यात त्या वेळी पाऊस नसेल तर चुकल्यासारखं होतं. गाड्या रांगेने उभ्या राहतात, निळसर धुरात सगळे एकमेकांना ओळखतात. चालवायला आलेले असतात, पण चालवत कुणी नाही. पन्नास माणसं गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट बघत असतात. अशाच एका जावादिनी आमच्या माणसाला ती रिंग दिसली. खरी, न गंजलेली, काच शाबूत. मालक सातारचा.

"ही देता का?"

"रिंग सुटी देत नाही. गाडी घ्या अख्खी."

टेम्पो पुन्हा आमच्या फाटकाशी थांबला. वहिनी गॅलरीत आल्या. "अहो, ही कुणाची?"

"आपलीच. पार्ट्ससाठी आणलीये. खोलून टाकायची."

खोलायला चाचांना बोलावलं. चाचांनी किक मारली. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली. पांढरा धूर नाही, रेस सोडली की शांत होते, साइड बॉक्सला झाकण, टाकीला झाकण, कंपनीची रेघ सरळ. येझदीकर स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. हिला खोलणं पाप आहे, असं तो म्हणाला. फक्त हिचा डावा आरसा डुप्लिकेट आहे, तेवढा ओरिजिनल शोधावा लागेल.

चाचांनी हात पुसले आणि कोपऱ्यात कापडाखाली उभ्या असलेल्या पहिल्या गाडीकडे मान वळवली.

"साहेब, ती विकणार का? एक गिऱ्हाईक आहे. त्यांना पार्ट्ससाठी हवी आहे."