लाईनकाका

लाईनकाकांचं खरं नाव रेशनकार्डावर असेलच. नागपूरच्या गोकुळपेठेतल्या पानठेल्यावर मात्र त्या नावानं हाक मारली तर ते मागे वळूनही पाहत नाहीत. उभी नोकरी रेल्वेच्या छोट्या लाईनवर गेली. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, हे एक शब्द घेऊन आले आणि तेव्हापासून तो एकच पुरवून पुरवून वापरतायत.

"काय राजेहो, सकाळी लाईन नव्हती ना?" हा त्यांचा नमस्कार. पुण्याचा पाहुणा इथेच गडबडतो. विदर्भात वीज जात नाही, लाईन जाते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो सावरेपर्यंत काका सिलिंडरच्या लाईनीत लागलेले असतात. त्याच्या पुढच्या वाक्यात शेजारचा पोरगा कुणावर तरी लाईन मारत असतो, आणि ठेलेवाल्यानं प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-चुना घासून खर्रा घोटून देईस्तोवर पोराच्या बापानं त्याला 'लाईनवर आणलेलं' असतं. कोणती लाईन कुठली, हे ऐकणाऱ्यानं आपापलं पाहून घ्यायचं.

आमच्या शहरानंही काकांना भारी साथ दिली आहे. सिव्हिल लाइन्स आहे, पोलीस लाइन टाकळी आहे. २०१९ साली मेट्रो सुरू झाली, तिच्या दोन मार्गांची नावं ऑरेंज लाईन आणि ॲक्वा लाईन. सीताबर्डीला दोन्ही एकमेकींना भेटतात. काकांना हा आपला वैयक्तिक सत्कार वाटतो. सिव्हिल लाइन्सचा पत्ता विचारणाऱ्या एका पोराला त्यांनी सांगितलेलं मी उभ्या उभ्या ऐकलं आहे : "शंकरनगरले ॲक्वा लाईन धर, बर्डीवर ऑरेंज लाईन पकड, कस्तूरचंद पार्कले उतर, अन् मंग लाइन्समधी कोणालेही विचार, लाईनीतलं तिसरं घर." पोरगं ऑटो करून गेलं.

काकांना दुसरे शब्द येत नाहीत असा समज कुणी करून घेऊ नये. ओळ, रांग, रेघ, रूळ, तार, पेशा, धोरण, वशिला, सगळे येतात. पण यातला कुठलाही एक उच्चारला की माणूस अडकतो. पोरगा काय करतो म्हणून विचारलं आणि 'नोकरी' म्हटलं, तर कुठे, किती पगार, पर्मनंट की कंत्राटी, हे ओघानं आलंच. "मोठ्या लाईनमधी हाय" म्हटलं की विचारणाराच ओशाळतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की तर काकांचा सीझन. "आपली लाईन वरपर्यंत हाय," असं ते विधानभवनाच्या दिशेनं हनुवटी उडवून सांगतात. वर म्हणजे कुणाकडे, हे आजवर कुणी विचारलेलं नाही आणि त्या लाईनीनं कुणाचं काम झाल्याचं ऐकिवात नाही. तरी दर डिसेंबरात दोन-चार अर्ज त्यांच्या खिशात असतात.

क्रिकेटही यातून सुटलेलं नाही. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीएच्या मैदानावर चेतन शर्मानं न्यूझीलंडच्या रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे ओळीनं त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. त्याच दिवशी गावस्करांनी त्यांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक ठोकलं. काका गावस्करांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. "तिन्ही बोल्ड! याले म्हणतात लाईन."

एका ठिकाणी मात्र हा गृहस्थ अगदी काटेकोर होतो. 'लाईन क्लियर' हे शब्द ते कधीही थट्टेत वापरत नाहीत. छोटी लाईन म्हणजे ७६२ मिलिमीटरची, अडीच फुटांची. एकच रूळजोडी, त्यावरूनच येणं आणि त्यावरूनच जाणं. पुढचं स्टेशन 'मधला रस्ता मोकळा आहे' असं कळवत नाही तोवर गाडी जागची हलवायची नाही, मग आत कलेक्टर बसलेला असो की वरात. तिथे गोलमाल बोलून चालत नव्हतं. दोन इंजिनं समोरासमोर आली असती. मला वाटतं, आयुष्यभराचा नेमकेपणा त्या दोन शब्दांत खर्च झाला आणि उरलेल्या लाईनींना काही शिल्लकच राहिलं नाही. ती छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. छोट्या लाईनची काही इंजिनं आता मोतीबागेच्या संग्रहालयात आहेत. तिथे काका नातवाला नेतात, पण त्या दिवशी फारसे बोलत नाहीत.

मी एकदा त्यांना जरा डिवचलं. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत म्हटलं, तुमची लाईन कुठं पोचते? काकांनी खर्रा गालात सरकवला. "अबे, धावाले लाईन लागतेच ना? बिनालाईनचं धावणं म्हणजे भटकणं." मग मीच माघार घेऊन सांगितलं, की लाईनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'लिनुम' आहे, म्हणजे आपलं जवस. त्याच्या वाखाची दोरी ताणून सरळ रेघ धरायची, ती 'लिनेआ'. काका क्षणभर गप्प झाले. मग ठेलेवाल्याकडे वळून म्हणाले, "पाय बाप्पा, इंग्रजानं आपल्या चटणीतून नेला शब्द!" दुसऱ्या दिवशी लॅटिन गळालं होतं, चटणी शहरभर झाली होती.

काकूंपुढे मात्र हा शब्द चालत नाही. त्या अकोल्याच्या, प्रश्न विचारून माणूस दमवणाऱ्या. पुतणीसाठी काकांनी एक स्थळ आणलं तेव्हा मी समोरच बसलो होतो.

"पोरगा चांगल्या लाईनचा हाय."

"कोणत्या?"

"ऑनलाइन."

"म्हणजे करते काय?"

"घरूनच करते ना सगळं. लाईन असली की झालं."

"अन् लाईन गेली की?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, बायोडाटा उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"इन्व्हर्टर हाय म्हणते त्याच्याकडे," ते म्हणाले.