हेल्पलेस, मुक्काम हुबळी

हुबळी स्टेशनचा फलाट १५०७ मीटर लांब आहे. जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे आणि २०२३ च्या मार्चमध्ये खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. हुबळीकरांना त्याचा मोठा अभिमान, कारण ते त्याच्यावरून चालत नाहीत. पाहुण्याला सोडायला येतात आणि जिन्यापाशीच 'पोचलास की फोन कर' म्हणून मोकळे होतात. चालतो तो पाहुणा. माझा डबा अगदी शेपटाचा. हमालानं आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लांबवर जिथे दरवाजा असणार त्या दिशेला, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून आपल्या बॅगेला चाकं आहेत याची मला एकदम आठवण झाली.

खोली लॅमिंग्टन रोडवरच्या एका लॉजमध्ये सांगून ठेवली होती. लॉजचं नाव सांगत नाही. काउंटरमागे मॅनेजर बसले होते. कपाळाला विभूती, कानावर पेन, समोर अर्धा कप चहा. बाकी सगळा अंधार.

"करंट होगैतरी," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही असं पाहून त्यांनी इंग्रजी बाहेर काढलं. "सर, वुई आर हेल्पलेस."

लिफ्ट? हेल्पलेस. गरम पाणी? हेल्पलेस. पण बाहेरच्या पाटीवर जनरेटर लिहिलंय की! "जनरेटर इज देअर, सर. डिझेल इज हेल्पलेस."

यावर काय बोलणार? माणूस असहाय असतो, जनावर असतं. डिझेल असहाय झालेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. मॅनेजरांनी मेणबत्ती दिली, काडेपेटी दिली नाही. त्याही बाबतीत ते हेल्पलेस असणार, म्हणून मी विचारलं नाही.

संध्याकाळी मराठा गल्लीतून मामा आले. मामा इंग्रजीचे निवृत्त मास्तर. सगळा जन्म हुबळीत गेलेला. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि चूक पकडायची असली की इंग्रजी. 'रेन आणि मार्टिन' व्याकरणातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि हुबळी तेव्हा त्याच इलाख्यात, एवढ्या आधारावर मामा त्यांना भाऊबंदांत धरतात. त्यांनी मला गिरमिटच्या गाडीवर नेलं. गाडीवाल्यानं पातेल्यात चुरमुरे ओतले, चिंचगुळाचा गोज्जू घातला, कांदा-टोमॅटो टाकला, वरून मूठभर पुठाण्याची पूड, आणि कोपरापर्यंत हात घालून असं काही कालवलं की चुरमुरे ओले झाले पण मऊ पडले नाहीत. बाजूला मिरचीभजी. लॉजवरची कथा मी इथे सांगितली.

"हेल्पलेस म्हणाला?" मामांनी मिरची खाली ठेवली. "बसून म्हणाला की उभा राहून?"

"बसून. चहा पीत."

"मग चूक. चहा पिणारा माणूस हेल्पलेस नसतो रे. ज्याला दुसऱ्यानं उचलून न्यावं लागतं तो हेल्पलेस. तान्हं पोर, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं. आणि ज्याची सही चालत नाही तो पॉवरलेस. तो दोन वेळा जेवतो, पान खातो, पगार घेतो. 'आय अॅम पॉवरलेस टू हेल्प यू, सर.' हे वाक्य बरोबर. पुढे 'टू' लावायचं, त्यापुढे क्रियापद."

"पण करंट नाही म्हणजे लॉज पॉवरलेसच की."

"कोटी झाली, इंग्रजी नाही झालं. तिथे 'विदाऊट पॉवर' म्हणतात."

याच कुळातलं एक तिसरं विशेषण आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये असं मामांचं मत, आणि ते अनुभवाचं आहे. त्यांच्या वर्गातल्या एका मुलानं फीमाफीचा अर्ज डिक्शनरी उघडून लिहिला होता. वडिलांना फी भरणं शक्य नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. 'शक्तिहीन'साठी डिक्शनरीत जो पहिला शब्द दिसला तो त्यानं उचलला: 'माय फादर इज इम्पोटंट.' खाली सही ठोकली: 'हिज ओन्ली सन.' फी माफ झाली. हेडमास्तरांनी अर्ज फायलीला लावला नाही, घरी नेला. मामा म्हणाले, "रागाला लाव तो शब्द. 'इम्पोटंट रेज' चालतं. माणसाला लावायचा नाही, आणि वडिलांना तर नाहीच नाही."

मी खरोखर पोट धरून हसत होतो. मामांनी तेही सोडलं नाही. "आता तू 'हेल्पलेस विथ लाफ्टर'. इथे पॉवरलेस म्हणालास तर मार्क कापीन."

मग आम्ही रस्त्यानं निघालो आणि मामांनी उदाहरणार्थ थेट लॅमिंग्टनसाहेबच घेतले. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते, त्याआधी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे. तिकडे त्यांच्या नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, खोबऱ्यात घोळवलेला केक आहे. इकडे मुंबईत एक रस्ता, हुबळीत एक रस्ता आणि एक शाळा. मुंबईवाल्यांनी त्यांच्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव दिलं, हुबळीनं आपल्या रस्त्याला सर सिद्दप्पा कंबळींचं. कंबळी इथलेच, मुंबई इलाख्याचे मंत्री झालेले, मान रास्तच. पण रिक्षावाल्याला 'कंबळी मार्ग' सांगून पाहा. तो तुम्हालाच विचारील, 'लॅमिंग्टन रोड हत्तर एन्री?' म्हणजे लॅमिंग्टन रोडजवळ का हो?

"आता वाक्य कर," मामा म्हणाले. "'द कॉर्पोरेशन इज पॉवरलेस टू चेंज पीपल्स टंग्ज.' पाटी बदलायची पॉवर आहे, जीभ बदलायची नाही. आणि साहेबाचं पुढे काय झालं, ठाऊक आहे? १३ मार्च १९४०, लंडनचा कॅक्स्टन हॉल. उधमसिंगांनी ओडवायरला गोळ्या घातल्या, त्यात जवळच असलेल्या लॅमिंग्टनच्या हाताला जखम झाली. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा. गव्हर्नर होता तेव्हा पॉवरफुल, खुर्ची गेली तेव्हा पॉवरलेस, त्या दिवशी हेल्पलेस. एका माणसात तीन विशेषणं बसतात. रेन-मार्टिनला हे उदाहरण सुचलं नाही."

ते कसं सुचणार? त्यांचं व्याकरण १९४० च्या आधीच छापून झालं होतं. पण मास्तरांच्या तोंडावर असलं बोलायचं नसतं.

माझा स्वतःचा कयास वेगळा आहे. काउंटरपलीकडून येणाऱ्या 'हेल्पलेस'चा इंग्रजीशी संबंधच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोमट आलं, म्हणून मी भाड्यात सूट मागितली. मॅनेजरांनी या वेळी कन्नडच वापरलं: "नम कैयाग इल्लरी." आमच्या हातात नाही. मराठी कारकूनही हेच म्हणतो, आणि इंग्रजसुद्धा 'इट्स आऊट ऑफ माय हँड्स' म्हणून हातच झटकतो. तिन्ही भाषांत हात मोकळे असणाराच हे बोलतो. खरोखर ज्याच्या हातात काही नसतं, तो काउंटरच्या अलीकडे बॅग घेऊन उभा असतो आणि त्याला बोलायला सवड मिळत नाही.

बिलात 'जनरेटर चार्ज' लावला होता. मी बोट ठेवलं. मॅनेजरांनी पेन कानावरून काढलं, आकड्याकडे पाहिलं, आणि पेन पुन्हा कानावर ठेवलं.

गिरमिटसाठी हुबळीला जरूर जा. खोली पहिल्या मजल्यावरची मागा, काडेपेटी घरून न्या, आणि बिल पैसे देण्याआधी वाचा.