बारा व्होल्टांचा गारवा

घर सोडून चार दिवस रानात राहायला निघालेला माणूस घरातली सगळ्यात घरकोंबडी वस्तू बरोबर का घेतो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. तंबू, सतरंज्या, टॉर्च, डासांचं मलम इथवर यादी शहाण्यासारखी चालते. मग कोणीतरी फ्रीजचं नाव काढतं आणि तंबू कुठे ठोकायचा यापेक्षा प्लग कुठे खुपसायचा हा प्रश्न मोठा होतो. जायचं असतं भंडारदऱ्याला काजवे बघायला. चर्चा चालते अँपियर-अवरची.

आमच्या घरात हे नाव मेहुण्याने काढलं. गाडीतल्या लायटरच्या सॉकेटवर, म्हणजे बारा व्होल्टांवर चालणारा, मूठ धरून उचलता येणारा फ्रीज मिळतो, अशी बातमी त्याने ऐन जेवणात दिली.

"दाजी, बर्फाच्या लाद्यांचे दिवस गेले आता!"

"त्यात माझं इन्सुलिन राहील का रे?" आत्यांनी विचारलं.

"आणि श्रीखंड?" सासूबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला महाबळेश्वरच्या वाटेत आंबलं होतं."

"आणि कोल्ड्रिंक?" हा भाचा.

मेहुण्याने तिघांनाही एका दमात 'हो' सांगितलं. नवी वस्तू आवडलेल्या माणसाचा 'हो' नेहमी घाऊक असतो.

वरवर पाहता तिघांनी एकच प्रश्न विचारला होता, पण मागणी तीन निराळ्या गारव्यांची होती. भाच्याला हवा होता जिभेचा गारवा. तो मिळाला नाही तर फार तर तोंड वाकडं होतं. सासूबाईंना हवा होता पोटाचा. तो चुकला तर रानात, अंधारात आणि वारंवार पश्चात्ताप करावा लागतो. आत्यांना हवा होता जिवाचा, आणि तिथे थट्टेला जागा नाही. बाजारातल्या बारा व्होल्टांच्या पेट्या बाहेरून सगळ्या एकाच आईच्या वाटतात. पोटात मात्र फार फरक असतो, आणि किमतीत त्याहून जास्त. म्हणून दुकानदाराला "किती लिटरचा?" विचारण्याआधी स्वतःला "कोणाचा गारवा?" असं विचारून घ्यावं.

त्याआधी एक गोष्ट पक्की करू. गारवा कोणत्याही यंत्राला बनवता येत नाही. आतली उष्णता काढून बाहेर टाकायची, एवढंच त्याला जमतं. गळक्या होडीतलं पाणी उपसण्यासारखंच ते काम आहे: उपसणारा कितीही दांडगा असला तरी शेवटी हिशेब भोकाचाच. म्हणून पेटी घेताना मी आधी भिंतीची जाडी चाचपतो, झाकणाचं रबर दाबून बघतो, आणि निळे दिवे लुकलुकणाऱ्या पॅनेलकडे सगळ्यात शेवटी वळतो. दुकानदाराला हा क्रम आवडत नाही. दिवे हाच त्याचा हुकमी एक्का असतो.

स्वस्तातल्या पेटीत पेल्टियरची चकती असते. झां शार्ल पेल्टियर हा फ्रेंच गृहस्थ मूळचा घड्याळजी. दोन निराळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की विजेच्या दिशेप्रमाणे सांधा गार तरी होतो नाही तर गरम तरी, हे त्याला 1834 मध्ये दिसलं. चार वर्षांनी लेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाने अशा सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून तो गोठवला, मग वीज उलटी फिरवून तोच थेंब वितळवून दाखवला. आजच्या पेटीवरचं 'हॉट-कोल्ड' बटण म्हणजे हाच प्रयोग. आमच्या भाच्याने तो कोल्ड्रिंकवर करून पाहिला आणि विज्ञानाची सत्यता आम्हा सर्वांच्या जिभेला पटवून दिली.

या चकतीत कंप्रेसर नाही, गॅस नाही. एक पंखा घरघरतो तेवढाच. तिची ताकदही तितकीच बेताची. बाहेर जेवढं तापमान असेल त्याच्या फार तर 15 ते 20 अंश खाली ती आतला गारवा नेते. नागपूरच्या मे महिन्यात 45 वजा 20 म्हणजे 25 अंश. नागपूरकराला ते काश्मीर वाटेल. दुधाला वाटत नाही. डिसेंबरात महाबळेश्वरला मात्र ही पेटी अप्रतिम चालते. शिवाय स्वस्त पेट्यांना बहुधा थर्मोस्टॅट नसतो. त्यामुळे सुमारे 4 अँपियर वीज ती अखंड पीत बसते. गाडी रस्त्यावर धावत असेल तर हरकत नाही. गाडी थांबली आणि तंबू लागला की तिचं आणि बॅटरीचं वैर सुरू होतं.

योगायोग असा, की पेल्टियरला आपला सांधा गार झालेला दिसला त्याच 1834 साली मुंबईत अमेरिकेतला बर्फ उतरला. त्याच्या आदल्या वर्षी बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून कोलकात्याला धाडला होता. चार महिन्यांचा समुद्रप्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, आणि तरीही 180 टनांपैकी सुमारे 100 टन बर्फ शाबूत पोहोचला. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं 'मुंबई समाचार'ने छापल्याचं सांगतात. ती सर्दी बाजूला ठेवली तरी भुशाचा पराक्रम उरतोच. बॅटरी नाही, कंप्रेसर नाही. होता तो फक्त जाड थर.

बर्फाला आपण उगाच मागासलेला समजतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 93 वॅट-तास उष्णता गिळतो. दहा किलोची लादी 930. छोट्या पेट्रोल गाडीची 35 अँपियर-अवरची बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिळली तरी 420 वॅट-तास वीज देते, आणि तिला अर्ध्याखाली पिळायचं नसतं. पेल्टियरची चकती एक वॅट खाऊन जेमतेम अर्धा वॅट उष्णता बाहेर काढते. मग हर्णैच्या बंदरावर लिलावात घेतलेली सुरमई पुण्याला न्यायची असेल तर कोळणीचं ऐकावं. थर्मोकोलची पेटी, तळाला बर्फाचा चुरा, मासळी, पुन्हा चुरा, झाकणाला चिकटपट्टी. वितळलेलं पाणी मधूनमधून काढून टाकायचं, म्हणजे मासळी भिजत पडत नाही. वरंधा घाटात गाडी कितीही वळली तरी या यंत्रणेत बिघडण्यासारखं काही नसतं. फक्त गाडीला पुढचे पंधरा दिवस बंदराचा वास येतो.

बर्फाचा दोष एकच, तो संपतो. दोन रात्रींनंतर पेटीत उरतं ते कोमट पाणी आणि त्यात तरंगणारं, लेबल सुटलेलं लोणी. तिथून पुढे कंप्रेसरचा इलाका.

कंप्रेसरवाली पेटी म्हणजे घरच्या फ्रीजचीच विद्या, बारा व्होल्टांवर उतरवलेली. बाहेर रणरणत असलं तरी ती उणे 18 पर्यंत जाऊ शकते. डॅनफॉसचे छोटे डीसी कंप्रेसर, जे आता सेकॉप या नावाने येतात, किंवा जपानच्या सावाफुजीचा एकच भाग हलणारा 'स्विंग' कंप्रेसर, ही या धंद्यातली घरंदाज मंडळी. चालू असताना ती 45 वॅटच्या आसपास घेतात, पण हवं ते तापमान आलं की स्वस्थ बसतात. चाळीसेक लिटरची पेटी आपल्या उन्हाळ्यात दिवसाकाठी साधारण 30 ते 40 अँपियर-अवर खाते. गाडी जरा कलती उभी असली तरी तिची तक्रार नसते.

तिसरीही एक जात आहे, गॅसच्या ज्योतीवर गार होणारी. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये ती काढली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या संसारात चूल पेटवून गारवा मिळतो, आवाज अजिबात नाही. पण ती पेटी सपाट जमिनीवरच नीट चालते. सह्याद्रीत सपाट जागा मिळालीच, तर तिथे आधी कोणीतरी चहाची टपरी टाकलेली असते.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले आपले लोक या विषयावर अधिकारवाणीने बोलतात, आणि त्यांना तो अधिकार आहे. तिथल्या नलारबॉरच्या माळावर सुमारे 146 किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. गाडीत फ्रीज आणि त्याच्यासाठी वेगळी दुसरी बॅटरी ही तिथे चैन समजली जात नाही. पण त्याच रस्त्याने पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेच्या नाक्यावर ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात. कितीही उंची कंप्रेसर असो, नाक्यावरच्या माणसापुढे तो कोथिंबिरीची जुडी वाचवू शकत नाही.

आता बॅटरी. लायटरचं सॉकेट सिगारेट पेटवण्यापुरतं जन्माला आलं. आपण त्याच्याकडून संसार चालवून घेतो. त्याची तार बारीक असते, वाटेतच व्होल्टेज गळतं आणि फ्रीजला वाटतं बॅटरी संपली. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतं. ज्यांत मरत नाही, त्यांत सकाळी दूध थंडगार असतं आणि गाडीसुद्धा. मग काजवे बघून झोपलेल्या शेजारच्या तंबूवाल्यांना धक्का मारायला उठवावं लागतं आणि त्या थंड दुधाचा चहा त्यांनाच पाजावा लागतो. चांगल्या फ्रीजमध्ये व्होल्टेज घसरलं की आपोआप बंद व्हायची सोय असते, बहुधा तीन पायऱ्यांची. गाडीच्याच बॅटरीवर चालवायचं असेल तर सगळ्यात वरची, म्हणजे लवकर बंद होणारी पायरी ठेवावी. मुक्काम मोठा असेल तर 100 अँपियर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी वेगळी घ्यावी आणि तिच्यापासून जाड तार ओढावी. अडीच-तीन दिवस निर्धास्त जातात.

वापरण्याची रीत आईला विचारली तरी ती सांगेल. निघायच्या आदल्या रात्री पेटी घरच्या विजेवर गार करून ठेवायची. आत जाणारी प्रत्येक वस्तू आधीच गार हवी. गरम भाजीचा डबा आत ठेवणं म्हणजे फ्रीजला कामाला आणि बॅटरीला मरणाला लावणं. रिकामी जागा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी भरायची. पेटी सावलीत, आणि तिच्या जाळीवर टॉवेल वाळत घालायचा नाही, कारण उपसलेली उष्णता तिथूनच बाहेर पडते. सगळ्यात अवघड नियम शेवटचा: झाकण कारणाशिवाय उघडायचं नाही. हा नियम आमच्याकडे कोणीच पाळत नाही. गार झालं का, हे बघण्यासाठी दर दहा मिनिटांनी उघडलं जातं, आणि अजून गार कसं होत नाही, यावर मग चर्चा होते.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी ठेवतो. न फोडलेली कुपी 2 ते 8 अंशांत हवी. वापरात असलेली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, पण किती अंशांपर्यंत हे त्या त्या औषधाच्या कागदावर वाचायचं. आणि ती गोठता कामा नये. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी टाकूनच द्यावं लागतं. म्हणून ते बर्फाला चिकटवून ठेवायचं नाही आणि उणे अंश दाखवणाऱ्या कप्प्यातही नाही. पेटीच्या पॅनेलवरचा आकडा भिंतीजवळचा असतो. कुपीशेजारी वेगळा छोटा थर्मामीटर ठेवलेला बरा.

हे सगळं वाचून फ्रीजशिवाय माणसं पूर्वी घराबाहेर कशी पडत, असं वाटेल. जीपच्या पुढे कॅनव्हासची छागल टांगलेली असे. पाझरणारं पाणी वाऱ्याने उडे आणि आतलं गार होई. विदर्भाच्या कोरड्या हवेत ही युक्ती फर्मास, कोकणच्या दमट हवेत फुकट. खाण्याच्या बाबतीत तर आपल्या बायकांनी हा प्रश्न कधीच निकालात काढला होता. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी चटणी, मेतकूट, गूळपोळी. यांतल्या एकाही पदार्थाला प्लग लागत नाही. पोटाच्या गारव्याची यादी लिहायला बसलं आणि या डब्यांना आधी जागा दिली, की यादीत उरतं ते दूध, दही आणि मासळी. पेटीचे निम्मे लिटर तिथेच वाचतात.

तेव्हा माझा निकाल सरळ आहे. फक्त जिभेसाठी हवा असेल आणि गाडी दिवसभर धावणार असेल, तर पेल्टियरची पेटी पुरे. आत जाईल ते गारच घाला. पोटासाठी आणि दोन रात्रींपर्यंत असेल, तर जाड भिंतीची साधी पेटी आणि दहा किलो बर्फ. त्याहून लांबचा मुक्काम असेल किंवा औषध बरोबर असेल, तर कंप्रेसरच, तोही वेगळ्या बॅटरीवर. आणि थोडे पैसे उरले, तर लिटर वाढवू नका. भिंत जाड घ्या.